मशीन स्लाइड वाचतंय, मग पोरीने एमएलटी सोडायचं का?

नमस्कार ताई, पत्र दोनदा वाचलं. लेक यवतमाळला बीएस्सी एमएलटीच्या, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या, दुसऱ्या वर्षाला, कॉलेजने नागपूरच्या एका मोठ्या लॅबमध्ये नेलं, तिथे मशीनने स्लाइडचे फोटो काढून लाल पेशी पटापट वेगळ्या करून दाखवल्या आणि तेव्हापासून तिचं एकच पालुपद, आपलं काम संपलं, मला हे सोडून दीड लाखाचा मेडिकल एआयचा कोर्स करायचाय. पैसे भरू का विचारताय. नका भरू, आणि डिग्री तर अजिबात सोडू देऊ नका.

पेशी मोजायचं काम मशीनकडे जाऊन जमाना झाला हो, कूल्टरच्या पेशी मोजणाऱ्या मशीनचं पेटंट १९५३ चं. आता फोटो बघून पेशी ओळखणारी मशीन आलीत, स्वीडनची सेलाव्हिजन, आपल्याकडे बंगळुरूची सिगटपल. चांगली आहेत, मी उगाच नावं ठेवणार नाही. पण ॲनिमिया आहे की नाही हे मुळात हिमोग्लोबिन सांगतं, बाईचं १२ ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया. स्लाइडवर बघायचं ते कुठला ॲनिमिया. आयर्न कमी असलं की पेशी लहान, मधून फिक्या, एखादी पेन्सिलीसारखी लांबट, बी१२ कमी असलं की मोठ्या, अंडाकृती, सिकलसेलच्या आजारात विळ्यासारख्या. आणि थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या सौम्य प्रकारात, परत लहान नि फिक्याच! तिथे नुसत्या फोटोवर माणूस फसतो तसं मशीनपण फसतं, शेवटी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावीच लागते.

मागे एका ओळखीच्या लॅबमध्ये दिवसभर बसले होते, ऐन पावसाळा, स्लाइड नीट वाळायच्या आधीच कुणीतरी स्टेन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून लावायचा रंग, टाकलेला. सॉफ्टवेअरने धडाधड टार्गेट सेल, म्हणजे मधोमध ठिपका असलेल्या नेमबाजीच्या चकतीसारख्या पेशी, मोजल्या. तिथल्या टेक्निशियन ताईंनी मायक्रोस्कोपचा फाइन फोकस जरासा फिरवला, पेशींच्या मधले ते गोल चकाकायला लागले, म्हणाल्या, अहो हे पाणी आहे, दुसरी स्लाइड करा. मला त्या दिवशी कळलं की मशीनच्या शेजारी कोण बसलंय यावर रिपोर्ट ठरतो. आणि मशीनला शिकवायलाही हजारो पेशींवर नाव लिहून देणारं माणूस लागतं, ते माणूस कोडिंगवालं नसतं, तुमच्या लेकीसारखं असतं.

एक कडू गोष्ट पण सांगते. बारावीला तिचं मॅथ्स नव्हतं, त्यामुळे कंपनीत मॉडेल बनवायच्या नोकरीत ती इंजिनिअर पोरांच्या मागेच राहील. पण मशीनचे रिझल्ट तपासणं, हॉस्पिटलांत जाऊन ते बसवणं, स्टाफला शिकवणं, ज्याला ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट म्हणतात, तिथे एमएलटीवाली पुढे.

पायथन ही कोडिंगची भाषा शिकू दे की, फुकटात शिकता येतं. सरांची परवानगी घेऊन, पेशंटचं नाव कुठेही न येऊ देता, आयपीसला मोबाइल लावून वीस फोटो काढायचे आणि ओपनसीव्ही या फोटो तपासायच्या फुकट सॉफ्टवेअरने लाल पेशी मोजून बघायच्या. एकमेकींवर चढलेल्या पेशी आल्या की डोकं फिरेल तिचं, फिरू दे. स्लाइडच्या जाड भागातले फोटो का चालत नाहीत हे तिला तेव्हाच समजेल.

आणि विदर्भात राहून सिकलकडे दुर्लक्ष का करायचं? राष्ट्रीय सिकलसेल मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे टार्गेट. चंद्रपूरला आयसीएमआरचं, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचं, हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र आहे, मुंबईत परळला केईएमच्या आवारात रक्ताच्या आजारांवर काम करणारी इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी घेतात का, हे तिने स्वतः मेल करून विचारावं, तुम्ही नाही हं.

त्या कोर्सवाल्यांना मात्र तुम्हीच फोन लावा आणि एवढंच विचारा, शिकवणाऱ्यांपैकी रक्ताच्या स्लाइडला लावायचा लेशमन स्टेन स्वतःच्या हाताने कुणी केलाय का. काय म्हणतात ते मलापण कळवा.