टाच मोडली: प्लेट, ग्राफ्ट आणि सुजेची वाट

आंब्यावरून किंवा परांचीवरून थेट टाचेवर पडलेल्यांची पत्रं सारखी येतात. गोंधळ तोच असतो, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: टाचेचे तुकडे धरायला बसवलेली धातूची प्लेट नंतर काढावीच लागते का?

टोचत नसेल, जखम नीट असेल, तर नाही.

प्रश्न: भाऊ आंब्यावरून पडला. दवाखान्यात दहा दिवसांनी ऑपरेशन करू म्हणतात. ही टाळाटाळ नाही ना? तोवर हाडवैद्याकडे चोळून घ्यावं का?

चोळू नका, लेपही लावू नका. टाचेच्या बाजूला मांस जवळजवळ नसतं, कातडीखाली लगेच हाड. सूज चढली की ती कातडी ताणून चकाकते, त्यावर पाण्याचे, कधी रक्ताचे फोड येतात. अशा कातडीवर चीर दिली तर जखम मिटत नाही, पू होतो, प्लेट उघडी पडते. म्हणून कच्चं प्लास्टर घालून, पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवून आम्ही थांबतो. मी पट्टी सोडून पाऊल वर वळवतो आणि बाहेरच्या बाजूची कातडी बघतो. तिला बारीक सुरकुत्या पडल्या की तारीख ठरते. बहुतेकांना एक ते दोन आठवडे लागतात. हे थांबणं उपचारच आहे.

हाडवैद्याकडे गेलेले दिवस मात्र वाया जातात. तीन आठवड्यांनंतर तुकडे वाकडेच जुळू लागतात. लेप लावून पाचव्या आठवड्यात आलेले पाय मी पाहिलेत: फोड चिघळलेले, टाच इतकी रुंद झालेली की चप्पल चढत नाही. कळवळून सांगतो, असं करू नका.

दोन बाबतींत मात्र तासभरही थांबू नका: हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल, किंवा मागचा तुकडा वर सरकून टाचेमागची कातडी पांढरी-काळी पडत असेल. आणि भावाची कंबर दुखते का, ते विचारा. उंचावरून पडलेल्यांचा मणकाही मोडलेला असू शकतो.

प्रश्न: बोन ग्राफ्टचा, म्हणजे हाडातली पोकळी भरायच्या चुऱ्याचा, वेगळा खर्च सांगितलाय. त्याशिवाय हाड जुळत नाही?

बहुतेकदा जुळतं. हे हाड आतून स्पंजासारखं असतं, रक्तपुरवठा भरपूर. दबलेला सांधा उचलून प्लेट-स्क्रूने धरला की खाली पोकळी राहते, ती बऱ्याचदा आपोआप भरते. पोकळी मोठी असेल तर कमरेच्या हाडाचा चुरा किंवा कृत्रिम ग्राफ्ट भरतात. ‘परदेशी ग्राफ्ट, लवकर चालाल’ असं कुणी गळ्यात मारत असेल, तर सीटी स्कॅनवर पोकळी दाखवा म्हणा. शंका राहिली तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे, विडीही ओढतात. प्लेट बसवावी का?

विडी आजच बंद. या दोन्हींमुळे जखम चिघळण्याचा धोका वाढतो. तुकडे फारसे सरकले नसतील तर प्लास्टर पुरतं, काहींना छोट्या छेदातून स्क्रू घालता येतात. साखरेचा रिपोर्ट आणि सीटी स्कॅन घेऊन सर्जनना भेटा, पत्रावर ठरवता येत नाही.

प्रश्न: पाय कधी टेकू?

साधारण ६ ते १२ आठवड्यांनी, तेही एक्स-रे पाहून तुमचे सर्जन सांगतील तेव्हाच.