जुन्या सॉफ्टबॉलपटूंचा सत्कार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: शहरातल्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या सॉफ्टबॉलपटूंचा सत्कार संघटनेला करायचा आहे. पण यादीवरून प्रत्येक बैठकीत वाद होतो. काय करावं? (अमरावती)

नावं आधी आणि निकष नंतर, असा क्रम झाला की वाद ठरलेलाच. पहिल्या बैठकीत एकही नाव घेऊ नका, फक्त निकष लिहून सह्या करा. उदाहरणार्थ, शहराच्या क्लबकडून किंवा जिल्हा संघाकडून किमान १० हंगाम. किंवा राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा. किंवा पंच, गुणलेखक, प्रशिक्षक म्हणून १५ वर्षं. हा तिसरा निकष कोणी गाळू म्हणालं तर ऐकू नका. पहाटे चुन्याने मैदान आखणारा आणि किटची बॅग वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस नसता, तर बाकीच्यांना खेळायलाच मिळालं नसतं. १८८७ मध्ये ज्या शिकागोत हा खेळ जन्मला, तिथे १६ इंच घेराच्या चेंडूचा, ग्लोव्हशिवाय खेळला जाणारा प्रकार आजही जिवंत आहे. त्याच्या सन्मान दालनात खेळाडूंबरोबर पंच आणि संघटकांनाही जागा आहे.

पुरावा एकाच कागदावर मानू नका. प्रमाणपत्र, संघटनेकडची जुनी प्रवेशिका आणि सामन्याचं गुणपत्रक यांपैकी दोन जुळले की नाव पक्कं. कॉलेजांची वार्षिक नियतकालिकंही चाळा. जिमखान्याच्या पानावर संघाचा फोटो आणि खाली डावीकडून नावं छापलेली असतात.

महिला खेळाडूंच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आजचं नाव वेगळं आणि पत्ता दुसऱ्याच शहरातला, म्हणून त्या यादीतून सर्वांत आधी गळतात. शाळेच्या किंवा क्लबच्या त्या काळच्या मैत्रिणींकडे चौकशी केली की बहुतेक जणींचा पत्ता लागतो.

प्रश्न: जुनी गुणपत्रकं सापडली, पण त्यातले आकडे लागत नाहीत. ‘६-३’ म्हणजे काय? (नांदेड)

तो गुण नाही आणि जर्सी नंबरही नाही, ते खेळाडूंच्या जागांचे क्रमांक आहेत. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) ६, मग लेफ्ट, सेंटर आणि राइट फिल्डर ७, ८, ९. ‘६-३’ म्हणजे शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून फर्स्ट बेसला फेकला आणि बॅटर बाद झाला. ‘के’ म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद. जागेचा आकडा जर्सीचा समजला गेला, तर एकाची कामगिरी दुसऱ्याच्या मानपत्रात जाते.

सरासरी छापायची असेल तर हिट्सना (फटका मारून सुखरूप बेस गाठला ते प्रसंग) अॅट-बॅटने (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) भागा. बेस ऑन बॉल्स (चार चुकीच्या चेंडूंवर मिळालेला बेस), अंगावर चेंडू लागून मिळालेला बेस आणि सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढे नेणारा फटका) अॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. ४० अॅट-बॅटमध्ये १४ हिट्स म्हणजे .३५०. चार-पाच सामन्यांचीच पत्रकं हाती असतील तर सरासरी छापू नका, इतक्या थोड्या आकड्यांवरून खेळाडू जोखला जात नाही.

प्रश्न: सत्काराच्या दिवशी ज्येष्ठांचा प्रदर्शनीय सामना ठेवतोय. दुखापत होऊ नये म्हणून काय बदलावं? (जळगाव)

सामना जरूर ठेवा. पण पूर्ण वेगाची पिचिंग नको. स्लो पिच ठेवा: चेंडू खालून हळू टाकायचा, त्याच्या कमानीची जमिनीपासूनची उंची किमान ६ फूट, कमाल १२ फूट. संघात १० खेळाडू घ्या, दहावा आउटफिल्डला, म्हणजे बेसच्या पलीकडच्या भागात. ७ ऐवजी ४ इनिंग पुरेत.

मैदान आखताना होमप्लेटच्या (जिथे बॅटर उभा राहतो) मागच्या टोकापासून सेकंड बेसच्या मध्यापर्यंत २५.८६ मीटर टेप ताणा. मग दोन्ही टोकांपासून १८.२९ मीटरची टेप जिथे एकमेकींना छेदेल, तिथे फर्स्ट आणि थर्डचे बाहेरचे कोपरे. नुसत्या अंदाजाने आखलं की चौकोन तिरका होतो आणि फाउल लाइन (खेळाच्या हद्दीची रेघ) चुकते.

सर्वांत जास्त धडका फर्स्टवर होतात, म्हणून तिथे डबल बेस लावा: ३८ बाय ७६ सेंटिमीटर, पांढरा भाग आत, रंगीत भाग फाउल लाइनबाहेर. धावणारा रंगीत भागाला पाय लावतो, फिल्डर पांढऱ्याला. होमलाही तोच धोका असतो. म्हणून मूळ प्लेटपासून सुमारे अडीच मीटर बाजूला, फाउल भागात धावणाऱ्यासाठी दुसरी प्लेट ठेवा आणि थर्ड-होम लाइनवर होमच्या ६ मीटर आधी एक आडवी रेघ मारा. रेघ ओलांडली की मागे फिरायचं नाही. कॅचरने चेंडू हातात घेऊन मूळ प्लेटला पाय लावला की बाद, टॅग करायची (धावणाऱ्याच्या अंगाला चेंडू लावायची) गरज नाही. स्लाइड, म्हणजे घसरत बेस गाठणं, पूर्ण बंद. ज्याचा गुडघा दुखतो त्याच्याऐवजी बेसवरून दुसऱ्याला धावू द्या. पिचरला चेहऱ्याचा मास्क आग्रहाने घालायला लावा, कारण सरळ मारलेला फटका चुकवायला त्याला वेळच मिळत नाही.

पोटरी आणि मांडीचा मागचा स्नायू पहिल्याच धावेत धरतो. कारण बहुतेक जण डगआउटमध्ये (संघाच्या बाकावर) बसून थेट बॅटिंगला उठतात. आधी २० मिनिटं द्या: चालणं, हलकी धाव, मग १० मीटरवरून फेकाफेक आणि हळूहळू अंतर वाढवा. बॅटिंगची पाळी येण्याआधी पुन्हा दोन छोट्या धावा. आउटफिल्डमधून होमला थेट फेकायला लावू नका, शॉर्टस्टॉपच्या हातून रिले करा, खांदे वाचतील. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच उतरावं. मैदानावर डॉक्टर, बर्फ आणि ओआरएस हवंच.

सामना सकाळी ७ ला सुरू करा, सत्कार नंतर. भाषणं आधी ठेवली की पाहुण्यांची वाट पाहण्यात दहा वाजतात आणि साठीचे खेळाडू भर उन्हात धावतात.

प्रश्न: शाल-श्रीफळाशिवाय काय द्यावं? जर्सी नंबर कायमचा निवृत्त करावा का? (पुणे)

नंबर निवृत्त करू नका. दरवर्षी नवा संघ, नव्या जर्सी, दोन-तीन वर्षांत कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्याऐवजी जुन्या नंबरची जर्सी खेळाडूच्या मापाने शिवून द्या. माप आधी फोनवर विचारा. सन्मानचिन्हावर नाव, खेळण्याची जागा, संघ आणि वर्षं कोरा. महिलांच्या सन्मानचिन्हावर त्यांना विचारून दोन्ही नावं घाला. कोरण्याआधी मजकुराचा फोटो प्रत्येकाला पाठवून होकार घ्या. खेळाडू हयात नसेल तर कुटुंबीयांना पहिल्या रांगेत बसवा आणि त्यांचा सत्कार सर्वांत आधी करा.