लेम्बास, ख्रिस्तप्रसाद आणि बोरोमिरची कबुली

प्रश्न : टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत कॅथलिक संस्कारांच्या खुणा आहेत, असे म्हणतात. पण तीत ना चर्च, ना धर्मगुरू. मग त्या खुणा शोधायच्या कुठे? आणि लेम्बास म्हणजे अंबाबाईच्या प्रसादासारखे काही समजावे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चर्च नाही, हे लेखकाने समजूनउमजून केले आहे. रॉबर्ट मरे या जेझुइट (एका कॅथलिक संघातील) मित्राला १९५३ साली लिहिलेल्या पत्रात टॉल्किन म्हणतात की, ही कृती मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत आणि पुनर्लेखनात जाणीवपूर्वक. धर्मतत्त्व कथेतच मुरलेले असल्यामुळे पंथ व विधी यांचे उल्लेख त्यांनी जवळजवळ पूर्णपणे वगळले. म्हणून खुणा शोधायच्या त्या वस्तूंत आणि प्रसंगांत.

लेम्बास ही एल्फ या कथेतील अमर लोकांची पानांत गुंडाळलेली पातळ वडी; एका वडीवर प्रवासी दिवसभर चालू शकतो. दुष्ट अंगठी नष्ट करण्यासाठी शत्रूच्या मॉर्डोर देशात निघालेल्या फ्रोडो आणि सॅम यांच्याजवळ दुसरे काही उरत नाही, तेव्हा तिच्याने जिभेची हौस भागत नाही, पण इच्छाशक्तीला बळ मिळते. आणि इतर अन्नात न मिसळता केवळ तिच्यावर विसंबले की तिचा गुण वाढतो, असे टॉल्किन स्पष्ट लिहितात. कादंबरी लिहिली जात होती त्या काळी कॅथलिक माणूस मध्यरात्रीपासून उपाशी राहून ख्रिस्तप्रसाद (उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) घेत असे, आणि मरणासन्नाला दिलेला ख्रिस्तप्रसाद ही आजही त्याची अखेरच्या वाटेवरची शिदोरी मानली जाते. या दोन्ही गोष्टी त्या उताऱ्यामागे आहेत, असे मला ठामपणे वाटते. अंगठीच्या मोहाने बिघडलेल्या गोलमला मात्र तीच वडी धूळ आणि राख लागते.

प्रसादाशी आपण केलेली तुलना काही अंतर चालते, कारण दोन्हीकडे साधे अन्न केवळ अन्न राहत नाही. कॅथलिक श्रद्धा मात्र त्यापुढे जाऊन भाकर व द्राक्षारस सत्त्वतः ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, असे मानते. लेम्बासबद्दल टॉल्किन असा दावा कुठेही करत नाहीत, म्हणून तिला ख्रिस्तप्रसादाची सावली म्हणावे, प्रतिकृती नव्हे.

दुसरी खूण फ्रोडोचा सहप्रवासी बोरोमिर याची. मरताना तो अॅरागॉर्न या सोबत्याला सांगतो की आपण फ्रोडोकडून अंगठी हिसकावू पाहिली, त्याचे दुःख आहे, आणि त्याची किंमत आपण चुकवली. अॅरागॉर्न त्याच्या कपाळाचे चुंबन घेऊन त्याला शांती देतो. येथे कबुली आहे, पश्चात्ताप आहे, दिलासाही आहे; पण अॅरागॉर्न धर्मगुरू नाही, तेव्हा काटेकोर अर्थाने हा पापनिवेदनाचा संस्कार नव्हे. हा प्रसंग दुसऱ्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात आहे, तर लेम्बासचा उतारा तिसऱ्या खंडातील माउंट डूमच्या प्रकरणात. दोन्ही लागोपाठ वाचावेत.