सुवाच्य, सुबोध की वाचनीय?

प्रश्न असा आहे: अभिजात ग्रंथाचा, वाचताना अडखळायला न लावणारा अनुवाद हवा असेल, तर 'सुवाच्य अनुवाद' म्हणावं का?

'सुवाच्य' नको. मराठीत तो शब्द अक्षराला चिकटला आहे, 'अर्ज सुवाच्य अक्षरात भरावा' यातला. सुवाच्य अनुवाद म्हटलं की छपाई चांगली आहे एवढंच कळतं.

'सुबोध' जवळचा वाटतो, पण त्यात समजावून सांगण्याची छटा आहे. सुबोध म्हणून हाती येणारं पुस्तक पुष्कळदा संक्षिप्त निघतं. संपूर्ण ग्रंथ हवा असणाऱ्याची फसगत होते.

मी 'वाचनीय' म्हणेन. दर्शनीय, श्रवणीय, तसं वाचनीय, म्हणजे वाचण्याजोगं. अभिजात ग्रंथ तर वाचण्याजोगा असणारच, असं कोणी म्हणेल. पण इथे विशेषण अनुवादाचं आहे, ग्रंथाचं नव्हे. मूळ थोर असूनही अनुवाद वाचवत नाही, असं होतंच.

कालिदासाच्या मेघदूताची सुरुवात घ्या: 'कश्चित्कान्ताविरहगुरुणा'. यातला 'गुरु' म्हणजे जड. यक्षाला मिळालेला शाप प्रियेच्या विरहानं जड झाला आहे. 'कांताविरहगुरु शाप' असं जसंच्या तसं ठेवलं तर सुटा सुटा प्रत्येक शब्द मराठी कोशात सापडेल, पण 'गुरु' वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी शिक्षक उभा राहील. 'प्रियेपासून दूर राहण्याची शिक्षा' हे सुबोध झालं, पण शाप गेला आणि त्याचं ओझंही गेलं. 'प्रियेच्या विरहानं जड झालेला शाप' यात समास सुटला आणि जडपणा मात्र राहिला. वाचनीय म्हणायचं ते याला.

निवडताना संवादाचं एखादं पान मोठ्यानं वाचून बघा. संस्कृतातल्या 'वाचयति'चा मूळ अर्थच 'बोलायला लावतो' असा आहे, त्यामुळे वाचणं आणि आवाज यांचं नातं जुनं आहे. जीभ अडली तर मनातल्या मनात वाचतानाही अडेल. कादंबरी रशियन किंवा फ्रेंच असेल, तर तू-तुम्हीकडे विशेष लक्ष द्या. त्या भाषांत आपल्यासारखाच हा भेद आहे. इंग्रजीत 'यू'मध्ये तो पुसला जातो. तिथून मराठीत आणणाऱ्याला तो अंदाजानं पुन्हा भरावा लागतो, आणि दोन माणसं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली तो नेमका क्षण हरवू शकतो. म्हणून अनुवाद कोणत्या भाषेवरून केला आहे, हे सुरुवातीच्या पानांवर आधी शोधा.