गावातले उद्योजक-देणगीदार वारले, त्यांचा गौरव कसा करावा?

तुम्ही विचारलंय की गावातले उद्योजक आणि मोठे देणगीदार वारले, वर्ष होत आलं, तर पुतळा उभारावा, स्मरणिका काढावी की व्याख्यान ठेवावं. पुतळा नको. कावळ्यांची सोय होते, बाकी काही नाही. स्मरणिका काढा, पण तिच्यात नुसती देणग्यांची यादी छापणार असाल तर तीही नको.

जरा तिखट लिहितोय, कारण मी जळगाव जिल्ह्यातला. ठिबक सिंचनाच्या जैन इरिगेशन कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन, ज्यांना आम्ही सगळे 'मोठे भाऊ' म्हणायचो, २५ फेब्रुवारी २०१६ ला गेले. त्यानंतर आमच्याकडे एका संस्थेने शोकसभा घेतली. वक्त्यांच्या तोंडी एकच यादी: भाऊंनी जळगावात उभारलेलं गांधींचं संग्रहालय म्हणजे गांधीतीर्थ, त्यांची अनुभूती शाळा, पद्मश्री. पुढचा वक्ता उठला की पुन्हा गांधीतीर्थ. मी पपईच्या चिकाबद्दल बोलायला उभा राहिलो तर सूत्रसंचालक म्हणाले, "दादा, आज तो धंद्याचा विषय नको."

धंद्याचा नको तर मग कशाचा? १९७८ मध्ये भाऊंनी केळीच्या भुकटीचा कारखाना लिलावात घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन, म्हणजे प्रथिनं विरघळवणारा पाचक पदार्थ, काढायला सुरुवात केली. आमच्या भागात लोक चिकासाठी पपई लावू लागले, आम्हीही लावली. पहाटे उठून कच्च्या फळांना उभ्या चिरा द्यायच्या आणि गळणारा चीक भांड्यात धरायचा. ऊन चढलं की चीक धरत नाही, म्हणून सगळी घाई. आई, काकू आणि आम्ही पोरं, सगळ्यांच्या बोटांची सालटं निघायची. खोबरेल चोपडलं तरी रात्री आग व्हायची. आजी माळकरी. परदेशात बिअर नितळ करायलाही पपेन वापरतात हे तिला कोणी सांगितलं नाही, बरंच झालं.

पण तो पैसा आईच्या हातात यायचा. केळीचा पैसा वडिलांचा, तोही व्यापारी देईल तेव्हा. बहिणीचं कॉलेज चिकावर झालं, आणि त्यात कुणाची देणगी नव्हती. माल दिला, वजन झालं, पैसे मिळाले. पुढे केळीची टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आली तेव्हा बसराई या जुन्या जातीच्या केळीचे कंद लावण्यात हयात घालवलेले वडील त्या इवल्या रोपांना हसले होते. त्या रोपांतून आलेल्या ग्रँड नैन जातीच्या केळीची रास बघितली आणि कंद सोडले. पाटाने पाणी देणारा माणूस ठिबकवर आला.

माझा चुलतभाऊ त्या सभेनंतर चहाच्या टपरीवर म्हणाला, "काय भो, शेतकऱ्याला ठिबकच्या नळ्या विकल्या, त्यातलेच थोडे परत दिले. यात मोठेपणा कसला?" तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे. माझं म्हणणं, मोठेपणा नळ्यांतच आहे. १९६३ मध्ये घरातल्या ७००० रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केलेला वाकोदचा माणूस. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी मिळत असताना ती सोडून व्यापारात पडला. त्याने विकलेल्या वस्तूने गिऱ्हाईक वर आलं की नाही, एवढं बघा. शाळा आणि गांधीतीर्थ त्यानंतर येतात. गांधीतीर्थ २०१२ मध्ये उघडलं, म्हणजे भाऊ हयात होते, आणि ते गांधींच्या नावाने बांधलं, स्वतःच्या नाही. तुमच्या पुतळा समितीला हे जरूर सांगा.

तेव्हा स्मरणिकेसाठी आमदारांचा शुभसंदेश मागू नका. तुमच्या शेठजींकडचा जुना हमाल, दिवाणजी, ड्रायव्हर, उधारी थकलेलं गिऱ्हाईक, माल घालणारी बाई यांच्याकडे आताच फोन घेऊन जा आणि बोलणं रेकॉर्ड करा. ही माणसंही म्हातारी झालीत. पगार वेळेवर होता का, काट्यात खोट होती का, दुष्काळात वसुलीला माणूस पाठवला की थांबले, हे विचारा. जमाखर्चाच्या जुन्या वह्या घरच्यांनी रद्दीत घातल्या नसतील तर त्यांचे फोटो काढा. डुबलेला धंदाही छापा. नव्वदच्या दशकात भाऊ नको त्या धंद्यांत शिरले, नुकसान झालं, आणि ती चूक त्यांनी उघड कबूल केली. ते वगळलं तर माणूस अर्धाच उरतो.

अर्थात हे सगळं घरच्यांना विचारून. वर्षाच्या आत काही घरांना असलं काही सोसत नाही. आणि तुमच्या शेठजींनी खरंच पगार बुडवले असतील तर गुपचूप वाचनालयाला पुस्तकं द्या, स्मरणिकेच्या फंदात पडू नका. पपई सगळ्यांनाच फळली असंही नाही, आमच्याच भावकीत एकाची बाग रोगाने बसली. २०१९ मध्ये जैन कंपनी कर्जात अडकली तेव्हा चुलतभावाने मला बातमीचं कात्रण पाठवलं होतं, तेही सांगून टाकतो.

त्याला मी उलट विचारलं होतं, तुझ्या बागेतल्या नळ्या कुणाच्या? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.