चित्र पळतंय? आधी ट्रिगर बघा

ऑसिलोस्कोपच्या (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) स्क्रीनवर लाटा पळत असतील तर ऑटोसेट (सेटिंग आपोआप लावणारं बटण) दाबत बसू नका. स्कोप दर वेळी सिग्नलच्या वेगळ्याच जागेपासून चित्र काढतोय, म्हणून ते पळतं. सुरुवात कुठून करायची हे ट्रिगर ठरवतो: व्होल्टेज ठरलेली लेव्हल ठरलेल्या दिशेने ओलांडतं, तो क्षण.

९६०० बॉडची (सेकंदाला ९६०० बिट), ३.३ व्होल्टची सिरियल लाइन, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी तार, घ्या. रिकामी असताना ती वर असते, स्टार्ट बिटला (बाइटची सुरुवात सांगणाऱ्या पहिल्या बिटला) खाली येते. म्हणून सोर्स चॅनेल १, एज फॉलिंग (वरून खाली येणारी), लेव्हल १.६ व्होल्टच्या आसपास. टाइमबेस (स्क्रीनवरच्या एका आडव्या घराचा वेळ) २०० मायक्रोसेकंद प्रति डिव्हिजन. एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे स्टार्ट, आठ डेटा आणि स्टॉप अशा दहा बिटांचा अख्खा बाइट पाच-सहा घरांत मावतो. मोड मात्र नॉर्मल (ट्रिगर मिळाला तरच चित्र) किंवा सिंगलच (एकदा चित्र काढून थांबणारा) ठेवा. ऑटोमध्ये थोडा वेळ ट्रिगर मिळाला नाही की स्कोप आपणहून स्वीप मारतो, म्हणजे ट्रिगरविनाच चित्र काढतो, आणि क्वचित येणारा बाइट हातचा निसटतो.

नॉर्मलमध्ये स्क्रीन गोठली तर स्कोप बिघडलेला नाही, तो वाट बघतोय. प्रोब (सिग्नल स्कोपपर्यंत आणणारी तार) १०एक्सवर, म्हणजे सिग्नलचा दहावा भागच देणारा, आणि चॅनेल १एक्सवर, म्हणजे तो परत दहापट न करणारा, असेल तर ३.३ चे ०.३३ व्होल्ट दिसतात, मग १.६ ची लेव्हल कधीच ओलांडली जात नाही. सोर्स चॅनेल २ वर राहून जाणं हीसुद्धा नेहमीची चूक.

बाइटांची सलग रांग येत असेल तर मधल्याच कुठल्यातरी एजवर ट्रिगर लागतो आणि चित्रं एकावर एक चढतात. तिथे होल्डऑफ (एका ट्रिगरनंतर पुढचा ट्रिगर न घेण्याचा वेळ) वाढवा: रांगेच्या लांबीपेक्षा जास्त, पण पुढची रांग सुरू व्हायच्या आत संपेल इतका.