‘लॉग’ म्हणजे ओंडका, यंत्र की वही?

ताई, शनिवारी कोथरूडच्या आपल्या वाचनकट्ट्यावर तुम्ही दोन शंका काढल्यात. गोल्डन ग्लोब, म्हणजे शिडाच्या होडीतून एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत; तिच्यावरचा मजकूर तुम्ही मुलांसाठी मराठीत आणताय. त्यात खलाशी होडीमागे ‘लॉग’ सोडतो. शब्दकोशात त्याचे अर्थ मिळाले ओंडका आणि नोंदवही, आणि दोन्ही बसेनात. दुसरी शंका अशी की होडीचा वेग ‘ताशी 6 नॉट’ लिहावा का.

आधी ओंडका. जुन्या जहाजांवर वेग मोजायला खरंच लाकूड वापरत. पाचरीच्या आकाराची फळी, तिच्या गोल कडेला शिसं ठोकलेलं, म्हणजे ती पाण्यात उभी राहते आणि जहाजाबरोबर ओढली जात नाही. तिच्या दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. फळी मागून पाण्यात टाकायची, दोरी सुटू द्यायची आणि 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईतो किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. दोन गाठींत अंतर सव्वासत्तेचाळीस फूट, म्हणजे 14.4 मीटर. 28 सेकंदांत एक गाठ, या दराने तासात जवळपास 1852 मीटर कापले जातात, म्हणजे एक सागरी मैल.

तेव्हा ‘नॉट’ म्हणजे ही गाठ, आणि तिच्यात तास आधीच बांधलेला आहे. वर पुन्हा ‘ताशी’ लावलं की तास दोनदा येतो. नुसतं ‘6 नॉट’ लिहा, नाहीतर ‘ताशी 6 सागरी मैल’. मुलांना ताशी 11 किलोमीटर सांगितलं तरी पुरे. वादळाच्या बातम्यांत ‘ताशी 60 नॉट’ वाचलं की मला दर वेळी टोचतं.

मोजलेला आकडा खडूने पाटीवर लिहीत, तिथून वहीत उतरवत. ती वही लॉगबुक झाली, आणि संगणकावर आपण ‘लॉग इन’ करतो तेही याच वहीच्या वंशातलं. म्हणजे तुमच्या शब्दकोशातले दोन्ही अर्थ एकाच लाकडाचे.

तुमच्या मजकुरातला लॉग मात्र तिसरा. तो ओढून न्यायचा असतो. लांब दोरीच्या टोकाला पाती असलेली धातूची फिरकी. होडी पुढे गेली की ती पाण्यात गरगरते, दोरीला पीळ देते आणि होडीच्या मागच्या कठड्यावरच्या तबकडीचे काटे फिरवते. इंग्लंडच्या टॉमस वॉकर यांचा असा लॉग 1878 साली आला. तबकडीवर दिसतं ते कापलेलं अंतर. वेग हवा तर वेळेने भागायचं. म्हणून याला ‘वेगमापक’ म्हणू नका. शिवाय तो फक्त पाण्यातून कापलेलं अंतर सांगतो. पाणीच प्रवाहाने सरकत असेल तर ते त्याला कळत नाही. फिरकीत शेवाळ अडकतं, कधी मोठा मासा तीच गिळतो.

खडकवासल्याला एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, छात्र शिडाच्या होड्या चालवतात, तिथे मान वर केली की सिंहगड दिसतो. भर समुद्रात अशी खूण नसते. उपग्रहाची मदत या शर्यतीत चालत नाही, त्यामुळे दिशा होकायंत्राची, अंतर लॉगचं, आणि आकाश मोकळं असेल तेव्हा सेक्स्टंटने, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन मोजायच्या उपकरणाने, सूर्य किंवा तारे. एवढ्यावर भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी 2022 मध्ये फ्रान्सहून निघाले आणि 236 दिवसांनी, 2023 च्या एप्रिलमध्ये, दुसरे आले. हे मुलांना जरूर सांगा.

आता प्रतिशब्द. नवा घडवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मराठीचे दर्यावर्दी शब्द बंदराबंदरांतूनच आलेत: ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून, ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’वरून. लॉग आणि नॉटही त्यांच्याच रांगेत बसतील. ‘गाठ’ नको, वाक्यात ती दोरीची वाटते. फक्त पहिल्यांदा लॉग येईल तिथे त्याचं काम सांगा. मी असं लिहीन:

‘त्याने फिरकीचा लॉग पाण्यात सोडला, दोरी ताणली गेली आणि तबकडीवरचा काटा मैल मोजू लागला. दुपारी त्याने तो आकडा वहीत उतरवला आणि नकाशावर पेन्सिलीने एक ठिपका दिला.’